‘तुमचं बोलणं मला कळत नाही’ असं विद्यार्थी तोंडावर म्हणाला, तर?

पत्र:

मी मूळची कोल्हापूरची. एम.एस्सी. करून ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात रसायनशास्त्राच्या पीएचडीला आले. पहिल्या वर्षाचे आम्ही सगळेच टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट आहोत. माझ्याकडे जनरल केमिस्ट्रीच्या दोन लॅब आहेत, मंगळवारी आणि गुरुवारी, प्रत्येकी २४ मुलं. आल्या आल्या इंग्रजी बोलण्याची परीक्षा झाली. त्यात ‘सशर्त पास’ असा निकाल आला आणि एका सेमिस्टरचा वर्ग लावून दिला. चौथ्या आठवड्यात एका मुलानं सगळ्यांदेखत सांगितलं, तुमचं बोलणं मला कळत नाही. तेव्हापासून सुरुवातीचं बोलायला उभी राहिले की घशाला कोरड पडते. ‘एनी डाउट्स?’ विचारलं की सगळे गप्प, आणि पाच मिनिटांनी तोच प्रश्न घेऊन चौघं येतात. काही जण तर शेजारच्या लॅबमधल्या अमेरिकन टीएकडे जातात. शनिवार-रविवार रिपोर्ट तपासण्यात संपतो. मैत्रीण म्हणते, अमेरिकन ॲक्सेंट शिकून घे. हे सगळं लॅबच्या कोर्सची जबाबदारी असलेल्या कोऑर्डिनेटरला सांगितलं तर टीएशिप जाईल का?

उत्तर:

टीएशिप जाण्याची भीती आधी बाजूला ठेवा, कारण तिच्यामुळेच ज्यांच्याकडे जायला हवं त्यांच्यापासून तुम्ही लांब राहताय. ‘सशर्त पास’ या निकालाचा अर्थ असा, की तुम्हाला वर्ग घेता येईल, पण सोबत मदत घ्यावी लागेल, असं विद्यापीठानंच ठरवलंय. हा निकाल सहसा विभागाकडेही जातो. म्हणजे तुम्ही जे लपवू बघताय ते त्यांना तुमच्या पहिल्या लॅबच्या आधीपासून माहीत असण्याचीच शक्यता जास्त. अडचण आल्यावर तुम्ही सांगायला आलात तर ती जबाबदारी मानली जाते. अडचण आली, तुम्ही काही बोलला नाहीत आणि मुलांच्या तक्रारी थेट विभागप्रमुखांच्या इनबॉक्समध्ये पोचल्या, तर मात्र प्रकरण वेगळं दिसतं. तेव्हा या आठवड्यातच जा. काय मागायचं ते पुढे सांगतो.

ही परीक्षा तुमच्या मनाला लागलेली दिसते, म्हणून तिच्याबद्दल थोडं. परदेशी टीएंचं बोलणं कळत नाही अशी ओरड अमेरिकेत १९८० च्या दशकात वाढली आणि एकामागून एका राज्यानं कायदे केले. पेन्सिल्व्हेनियाचा १९९० चा कायदा तर नावानंच ‘इंग्लिश फ्लुएन्सी इन हायर एज्युकेशन ॲक्ट’ आहे. त्यानंतर विद्यापीठांनी आपापल्या चाचण्या बसवल्या. पर्ड्यू विद्यापीठाची ओईपीटी ही तोंडी इंग्रजीची चाचणी संगणकावर होते, यूसीएलए या विद्यापीठाच्या ‘टॉप’ चाचणीत परीक्षकांसमोर छोटा पाठ घ्यावा लागतो. टोफेलला उत्तम गुण असलेली मुलंही या चाचण्यांत अडकतात, कारण इथे नुसतं व्याकरण बघत नाहीत. समोर अठरा वर्षांचा मुलगा बसलाय आणि तुम्ही त्याला काहीतरी करायला सांगताय, ते त्याच्यापर्यंत पोचतं का, हे मुख्यतः बघतात.

दुसरी बाजूही ठाऊक असू द्या. जॉर्जिया विद्यापीठातल्या डॉनल्ड रुबिन यांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एकाच आवाजातलं व्याख्यान ऐकवलं, आवाज इंग्रजी मातृभाषा असलेल्या बाईंचा. काहींना सोबत गोऱ्या चेहऱ्याचा फोटो दाखवला, काहींना आशियाई चेहऱ्याचा. आशियाई चेहरा बघणाऱ्यांना न बोललेला ॲक्सेंट ऐकू आला आणि त्यांना समजलंही कमी. तुमच्या वर्गात ‘कळत नाही’ म्हणणाऱ्यांत असे काही असणारच, त्याचं खापर स्वतःवर फोडू नका. पण सगळंच त्यांच्या कानांवर ढकलूनही चालणार नाही. तेच चार प्रश्न पाच मिनिटांनी येत असतील तर सांगण्याच्या पद्धतीत काहीतरी निसटतंय.

आता ॲक्सेंट. मैत्रिणीचा सल्ला ऐकू नका. अमेरिकन ‘र’ गुंडाळायला आणि नाकातून बोलायला शिकण्यात वर्ष जाईल, आणि घाबरल्यावर पहिल्याच वाक्यात ते गळून पडेल. लॅबमध्ये समजण्याचा घोटाळा चार-पाच ठिकाणीच होतो. तेवढ्याच दुरुस्त करा.

सगळ्यात धोकादायक आकडे. फिफ्टीन आणि फिफ्टी, फोर्टीन आणि फोर्टी. आपण दोन्ही अक्षरांवर सारखाच जोर देतो. त्यांच्या कानाला ‘टीन’वर जोर आला तर पंधरा, ‘फिफ्’वर आला तर पन्नास. लॅबमध्ये पंधराऐवजी पन्नास मिलीलीटर ओतलं गेलं तर प्रयोग वाया जातो, आणि आम्ल असेल तर त्याहून वाईट. म्हणून नियमच करा: प्रमाण तोंडानं सांगायचं, लगेच फळ्यावर आकड्यात लिहायचं, आणि वर ‘वन-फाइव्ह’ असं सुटं म्हणायचं.

दुसरं म्हणजे शब्दातला जोर. मराठीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखं वजन, इंग्रजीत एकच अक्षर उचललं जातं आणि बाकीची गिळली जातात. ऐकणारा शब्द ओळखतो तो त्या उचललेल्या अक्षरावरून. ॲनालिसिसमध्ये ‘नॅ’ उचला, ॲनालिटिकलमध्ये ‘लि’, इक्विव्हॅलंटमध्ये ‘क्वि’. रसायनातले आपले काही उच्चार तर पारच वेगळे आहेत. कॅटायनला, म्हणजे धन आयनाला, कित्येक जण ‘केशन’ म्हणतात. अमेरिकन मुलाला त्यातून काहीच बोध होत नाही, म्हणा ‘कॅट-आय-ऑन’. तसंच ‘ॲन-आय-ऑन’. मीथेन तिथे ‘मेथेन’ आहे आणि ॲल्युमिनियम ‘अलूमिनम’. दर सोमवारी संध्याकाळी येत्या प्रयोगातले दहा शब्द काढा, आवाज असलेल्या ऑनलाइन शब्दकोशात अमेरिकन उच्चार ऐका आणि जोराच्या अक्षरावर टाळी देत म्हणा. पंधरा मिनिटं पुरतात.

तिसरं आहे शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. आपले हे वर्ण हवा न सोडता येतात, त्यामुळे तुमचं ‘पोअर’ त्यांना ‘बोअर’सारखं आणि ‘टेन’ ‘डेन’सारखं ऐकू येतं. हवा सोडायला मराठी माणसाला शिकायची गरज नाही, ख आणि ठ आपण रोज म्हणतोच. ‘पोअर’च्या आधी तोंडासमोर कागदाचा कपटा धरा, तो हलला पाहिजे. मात्र जोशात ‘फोअर’ करून ठेवू नका, ओठ पूर्ण मिटूनच सुरुवात. चौथं, व. ‘वायल’ (छोटी बाटली) म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले नाहीत तर ऐकणाऱ्याला ‘व्हाइल’ ऐकू येतं. उलट ‘वेस्ट कंटेनर’ म्हणताना दात टेकले तर अंगात घालायचं वेस्ट होतं. तिथे ओठ गोल.

उच्चारांपेक्षा जास्त घोळ खरं तर आपल्या सवयीच्या शब्दांनी होतो, आणि तो तर एका दिवसात सुटणारा आहे. ‘डाउट’ म्हणजे त्यांच्या लेखी संशय. ‘एनी डाउट्स’ ऐकून मुलं बुचकळ्यात पडतात, ‘क्वेश्चन्स’ म्हणा. गणितात ‘पॉइंट वन इन्टू ट्वेंटी-फाइव्ह’ म्हणालात तर गोंधळ पक्का, कारण त्यांच्याकडे ‘फाइव्ह इन्टू फिफ्टीन’ म्हणजे भागाकार, उत्तर तीन. गुणाकाराला ‘टाइम्स’ आणि ‘अपॉन’च्या जागी ‘ओव्हर’ किंवा ‘डिव्हायडेड बाय’. कोनिकल फ्लास्क तिथे अर्लनमायर आहे, मेजरिंग सिलिंडर ग्रॅज्युएटेड सिलिंडर, मार्क्स म्हणजे पॉइंट्स, पेपर तपासणं म्हणजे ग्रेडिंग, आणि आपण ज्याला जर्नल म्हणतो ती लॅब नोटबुक. रबर मागू नका, इरेजर मागा. आणि मान. आपली ‘हो’ म्हणायची आडवी डोलणारी मान त्यांना ‘नाही’ किंवा ‘कोण जाणे’ वाटते. विद्यार्थ्यानं फ्लास्क दाखवून ‘हे बरोबर आहे का’ विचारलं तर तोंडानं ‘येस’ म्हणा.

हे सगळं सुधारलं तरी एक मोठी गोष्ट उरते, आणि आमच्या मते तुमच्या लॅबची खरी अडचण तीच आहे. तुम्ही अकरावी-बारावीपासून टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण थेंबाथेंबानं दुसऱ्यात सोडून त्याचं प्रमाण काढणं, करत आलात. समोरची मुलं नर्सिंगला, जीवशास्त्राला, इंजिनिअरिंगला जाणारी पहिल्या वर्षाची. त्यांच्यातल्या अनेकांनी ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाच्या रेघांची काचेची नळी, कधी हातात धरलेलं नसतं. तुम्ही ‘ब्युरेट भरा आणि रीडिंग घ्या’ म्हणता तेव्हा ते इंग्रजी त्यांना कळतं, पण त्या पाच शब्दांत तुम्ही ज्या दहा कृती गृहीत धरल्यात त्या कळत नाहीत. आणि काय कळलं नाही हे त्यांनाही सांगता येत नाही. सगळ्यात सोपं वाक्य हाताशी असतं, ‘तुमचं बोलणं कळत नाही’.

सोडियम हायड्रॉक्साइडचं प्रमाणीकरण, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता काढणं, बहुतेक जनरल केमिस्ट्रीत असतंच, तेच उदाहरण घेऊ. साधारण ०.५ ग्रॅम केएचपी (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट) तोलायचं, ५०-एक मिलीलीटर पाण्यात विरघळवायचं, रंग बदलणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन-तीन थेंब आणि ०.१ मोलरच्या आसपासचं हायड्रॉक्साइड. केएचपीचा रेणुभार २०४.२२, म्हणजे सुमारे २४.५ मिलीलीटर लागायला हवं. आता बिघडतं कुठे? ब्युरेट नुसत्या पाण्यानं धुऊन लगेच भरलं, द्रावणानं विसळलंच नाही. आतल्या पाण्यानं हायड्रॉक्साइड पातळ झालं, आकारमान जास्त आलं आणि मोलॅरिटी, म्हणजे तीव्रता, कमी. वरचं फनेल काढायचं राहिलं, मधेच थेंब पडला. तोटीच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला आणि टायट्रेशन चालू असताना निसटला. ती जागा द्रावणानं भरली, ते रीडिंगमध्ये आलं, पण फ्लास्कमध्ये पडलंच नाही. आणि सगळ्यात नेहमीची चूक: ब्युरेटचं शून्य वर असतं हे लक्षात न घेता खालून वर वाचणं. द्रावण २३.४ वर आहे, मुलगा २४ पासून वर सहा रेघा मोजतो आणि २४.६ लिहितो. त्यात शेवटचा दशांश कुणी लिहीत नाही. २३.४० लिहायचं असतं, कारण रेघांच्या मधला अंदाज डोळ्यानं घ्यायचा असतो. शिवाय अर्धा वर्ग घाबरून विचारतो, पाणी ५० ऐवजी ६० मिलीलीटर पडलं, आता? काही होत नाही, केएचपीचे मोल तेवढेच राहतात. गुलाबी रंग तीस सेकंद टिकला की झालं. पुढे तो उडाला तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे, त्यासाठी आणखी थेंब टाकायचा नाही.

तुमच्या सुरुवातीच्या बोलण्यात नेमकं हे हवं. सिद्धान्त पुस्तकात आहे. कुठे चुकेल ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे.

त्या बोलण्याला बारा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. मुलं यायच्या आधी फळ्याचा डावा भाग लिहून तयार: आजचं काम एका ओळीत, टप्पे क्रमांकानं, प्रत्येक टप्प्यापुढे प्रमाण. उजवीकडे धोके आणि कचरा कुठल्या डब्यात. ही डावी बाजू तीन तास पुसायची नाही. ज्याला तुमचा एखादा शब्द निसटला तो तिथे बघेल, आणि निम्मे प्रश्न तिथेच संपतील. पहिली दोन मिनिटं शब्दन्‌शब्द लिहून पाठ करा, कारण घसा कोरडा पडतो तो तेव्हाच. बाकीचं पाठ करू नका, पाठ केलेलं एकसुरी होतं आणि इंग्रजीत एकसुरी बोलणं ऐकणाऱ्याला पकडता येत नाही. मग चार-पाच मिनिटं ब्युरेट हातात घेऊन दाखवा, बोलणं कमी. फळ्यावर लिहिताना बोलू नका. लिहा, वळा, मग बोला. सेमिस्टरच्या शेवटी तुमची पुन्हा परीक्षा होईल, त्यात फळ्याकडे तोंड करून बोलण्यानं उमेदवार हमखास गुण घालवतात. दुसरी तशीच जागा म्हणजे परीक्षकानं मधेच विचारलेल्या प्रश्नाला, तो नीट न ऐकता, मनात तयार असलेलं उत्तर देणं. प्रश्न आधी आपल्या शब्दांत परत म्हणा, मग उत्तर.

‘क्वेश्चन्स?’ विचारूनही शांतता असेल तर प्रश्नच बदला. ‘मेनिस्कसची (नळीतल्या द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची) वरची कड वाचायची की खालची? हात वर करा.’ ‘बुडबुडा राहिला तर मोलॅरिटी जास्त येईल की कमी? शेजाऱ्याशी एक मिनिट बोला.’ आणि विचारल्यावर थांबा. शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबतात आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतात, हे मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं. तीन सेकंद थांबलं तरी उत्तरं वाढतात आणि लांबतात. मनात एक-दोन-तीन मोजा, तेवढा वेळ फार मोठा वाटतो.

पुन्हा कुणी ‘कळत नाही’ म्हणालं तर सॉरी म्हणू नका, आणि तेच वाक्य मोठ्यानंही म्हणू नका. विचारा, कुठला टप्पा? तो फळ्यावर बोट ठेवून दाखवेल. मग तो टप्पा वेगळ्या शब्दांत, हातात उपकरण घेऊन सांगा. शब्द अडला असेल तर लिहून दाखवा. दुसऱ्या बाजूनं, त्यांचं भरभर बोलणं तुम्हाला कळलं नाही तर नुसतं ‘पार्डन’ म्हणून थांबू नका. जेवढं कळलं तेवढं म्हणा, ‘एंडपॉइंटनंतरचं काहीतरी विचारतोयस, त्यापुढचं पुन्हा सांग.’ मुलांना याचं काही वाटत नाही. चुकीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर मात्र वाटतं. टेबलापाशी गेल्यावर थेट उत्तर देण्याआधी ‘व्हॉट हॅव यू ट्राइड सो फार?’ विचारायची सवय लावा. त्यानं तुम्हाला ऐकायला वेळ मिळतो आणि चूक कुठे झाली तेही कळतं.

शेजारच्या अमेरिकन टीएकडे जाणाऱ्यांना अडवू नका. त्या टीएलाच गाठा आणि विचारा, माझी मुलं तुला नेमकं काय विचारतात? ती यादी सोन्यासारखी आहे, पुढच्या आठवड्याच्या फळ्यावर जाईल. गॉगल न घालणं, उघडी चप्पल, हाफ पँट यांत मात्र भिडस्तपणा नको. सुरक्षेच्या नियमावर विद्यार्थ्याला लॅबबाहेर काढण्याचा अधिकार टीएला असतो, आणि तो वापरला नाही तर दोष तुमच्यावर येतो.

आता शनिवार-रविवारचा हिशेब. तुमचं काम ‘५० टक्के’ नेमणुकीचं असणार, म्हणजे आठवड्याला २० तास. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर कामाची मर्यादाही तेवढीच आहे, म्हणून याकडे ‘थोडं जास्त झालं तर काय’ असं बघू नका. लॅब तीन-तीन तासांच्या धरल्या तर सहा तास, ऑफिस अवर्स दोन, टीएंची बैठक एक, तयारी दोन. झाले अकरा. रिपोर्ट ४८. प्रत्येकाला पंधरा मिनिटं दिलीत तर बारा तास, एकूण तेवीस. आठ मिनिटांत बसवलंत तर साडेसहा तासांच्या आत, एकूण साडेसतरा. पंधरावरून आठवर कसं यायचं? एक रिपोर्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासू नका. सगळ्यांचा तक्ता आधी, मग सगळ्यांची आकडेमोड, मग सगळ्यांची चर्चा. त्यानं वेग वाढतो आणि पहिल्या मुलाला एक न्याय, चाळिसाव्याला दुसरा असंही होत नाही. आकडेमोडीसाठी एक्सेलमध्ये वस्तुमान आणि आकारमान भरा, मोलॅरिटी आपोआप निघू द्या आणि विद्यार्थ्याच्या उत्तराशी ताडा. नेहमीच्या आठ-दहा चुकांचे शेरे एका फाइलमध्ये लिहून ठेवा आणि क्रमांकानं वापरा. व्याकरण तपासू नका, ते तुमचं काम नाही. ‘माझे पॉइंट्स का गेले’ म्हणून भांडायला येणाऱ्यांसाठी नियम आधीच जाहीर करा: रिपोर्ट परत मिळाल्यावर २४ तास काही बोलायचं नाही, त्यानंतर आठवड्याच्या आत लेखी.

रोजचे तास वहीत टिपा. तीन आठवडे सलग वीसच्या वर जात असतील तर ती वही घेऊनच कोऑर्डिनेटरकडे जा. ‘खूप काम आहे’ या वाक्याला उत्तर नसतं, आकड्यांना असतं.

इथे आपल्याकडच्या दोन सवयी सोडायला हव्यात. पहिली, वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४ च्या फर्पा कायद्याचं संरक्षण आहे. गुणांची यादी ग्रुपवर टाकणं, तपासलेल्या रिपोर्टांचा गठ्ठा दाराबाहेर ठेवणं, ‘माझ्या मुलाचं कसं चाललंय’ विचारणाऱ्या पालकांना उत्तर देणं, यातलं काहीही तुम्हाला अडचणीत आणू शकतं. विद्यापीठाचा ईमेल आणि कोर्सची अधिकृत साइट, बाकी काही नाही. रिपोर्ट कुठल्याही सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकून तपासणंही त्यातच आलं. दुसरी सवय, कॉपी सापडली की मुलाला बाजूला घेऊन झापणं. लॅब पार्टनरचे आकडे सारखे असणारच, आकडेमोड आणि चर्चा शब्दशः सारखी असेल तर दोन्ही प्रती कोऑर्डिनेटरकडे द्या. मुलाशी त्या विषयावर तुम्ही बोलू नका.

कोऑर्डिनेटरला लिहायचा ईमेल पाच-सहा ओळींचा असू द्या, रडगाणं नको, तीन ठोस मागण्या. एक, गुरुवारच्या लॅबची पहिली तीस मिनिटं येऊन बघाल का, आणि नंतर दहा मिनिटं बोलाल का? दोन, याच प्रयोगाची सोमवारची लॅब घेणाऱ्या अनुभवी टीएचं सुरुवातीचं बोलणं मला ऐकायला बसता येईल का? मोठ्या विद्यापीठात एकच प्रयोग आठवडाभर वेगवेगळ्या गटांत चालतो. सोमवारी पंधरा मिनिटं मागे बसलात तर मंगळवारी काय बिघडणार ते आधीच कळतं, आणि त्या टीएची वाक्यं, आकडे सांगायची पद्धत आयती मिळते. सगळ्या मागण्यांत ही सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाची. तीन, एका रिपोर्टला किती मिनिटं अपेक्षित आहेत आणि कुठले भाग बारकाईनं तपासायचे?

तुमच्या इंग्रजीच्या वर्गाचाही नीट उपयोग करून घ्या. तिथे पाठ्यपुस्तकातले संवाद म्हणण्यात वेळ घालवू नका. शिक्षिकेला सांगा, मला मंगळवारचं सुरुवातीचं बोलणं इथे म्हणून दाखवायचंय. बहुतेक ठिकाणी हे लोक याच कामासाठी असतात आणि खरं साहित्य घेऊन येणारा विद्यार्थी त्यांना आवडतो. घरी फोनवर पाच मिनिटांचं बोलणं चित्रित करा. एकदा आवाज बंद करून बघा, फळ्याकडे किती वेळ तोंड आहे ते दिसेल. मग आपोआप येणारी सबटायटल्स चालू करून बघा. जिथे यंत्रानं भलतंच लिहिलंय तिथले शब्द सोमवारच्या दहात घाला. यंत्रही चुकतं, तेव्हा एकदाच चुकलेल्या शब्दापेक्षा दर वेळी चुकणाऱ्याकडे बघा.

मुलांना काय वाटतं हे सेमिस्टर संपेपर्यंत कळणार नाही असं होऊ देऊ नका. येत्या आठवड्यात लॅब सुटताना छोटी कार्डं वाटा, नावाशिवाय, दोन प्रश्न: कशाची मदत होते, आणि कुठली एक गोष्ट बदलू? पुढच्या वेळी सुरुवातीलाच सांगा की कार्डं वाचली, अमुक बदलतेय आणि तमुक बदलता येणार नाही, कारण असं. एखादं कार्ड बोचरं असेल, तर ते बाजूला ठेवून किती जणांनी तीच गोष्ट लिहिलीय ते मोजा. विद्यापीठात अध्यापन केंद्र असेल तर तिथला माणूस तुमच्या वर्गात वीस मिनिटं येऊन, तुम्ही बाहेर असताना, मुलांशी बोलतो आणि फक्त तुम्हालाच अहवाल देतो. तो सहसा विभागाकडे जात नाही, तरी बोलावण्याआधी विचारून घ्या. सेमिस्टरच्या मध्यावर त्यांच्याकडे गर्दी होते, तारीख आत्ताच मागून ठेवा.